दुपारच्या भाकरीचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लहान मुलं असलेल्या घरात रोज सकाळी एक प्रश्न असतोच. दुपारी काय? डब्यात काय द्यायचं, ते लवकर कसं होईल, रात्रीच थोडी तयारी करून ठेवता येईल का? वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि दूरदर्शनवरचे पाककृतींचे कार्यक्रम या प्रश्नाला रोज नवी उत्तरं देत असतात. त्यामुळे आपली अशी समजूत होते की, ही धावपळ नोकरी करणाऱ्या शहरी बाईच्या वाट्याला आली आणि तीही अलीकडे. प्रत्यक्षात दुपारचं जेवण आधी करून ठेवण्याची विद्या फार जुनी आहे. ती कष्टकरी बायकांनी घडवली. आज मी त्याच विद्येचा इतिहास सांगणार आहे आणि त्यासाठी बीड जिल्ह्यातल्या वडवणीकडे बघणार आहे.

बीडहून तेलगावमार्गे परळीला जाताना वडवणी लागतं. बालाघाटाच्या डोंगररांगेजवळचा हा भाग. पाऊस बेभरवशाचा आणि मुख्य पीक ज्वारी. जेवण म्हणजे भाकरी, बाकी सगळं तिच्याबरोबर लावून खायचं. शेत गावापासून लांब. दुपारी घरी येऊन चूल पेटवायला वेळ कोणाला? म्हणून सकाळीच भाकरी फडक्यात बांधायची. सोबत कांदा, ठेचा आणि शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची चटणी.

या चटण्या नुसत्या चवीसाठी नव्हत्या. भाजून कुटलेल्या चटणीत पाण्याचा अंश नसतो, म्हणून ती पंधरा पंधरा दिवस टिकते. दाण्या-जवसाच्या तेलामुळे भाकरीचा घास घशाखाली उतरतो आणि अंगात बळही येतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरी गरम असते तोवर मऊ, दुपारपर्यंत ती कडक होते. त्यावर बायकांनी उपाय शोधले. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून दशमी केली, ती दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला पुरते. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन आणि कणीक, लसूण, तिखट, ओवा घालून, ओल्या फडक्यावर थापून, तेल सोडून धपाटे भाजले. ते दुसऱ्या दिवशीही मऊ लागतात आणि लहान मूलही हातात धरून खातं.

मराठवाड्याचं येसर हा तर याहून पुढचा टप्पा. गहू किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरे, मसाले असे जिन्नस भाजून दळून ठेवायचे. ऐन वेळी फोडणीच्या पाण्याला उकळी आली की त्यात पीठ कालवायचं. दहा मिनिटांत आमटी तयार. आज पाकिटात मिळणाऱ्या झटपट सुपाचं आपल्याला कौतुक वाटतं, पण येसराच्या डब्यात तेच तत्त्व कितीतरी आधीपासून होतं. सातूच्या पिठाला तर चूलही लागत नाही. पाणी आणि गूळ घालून कालवलं की पोराच्या पोटाला आधार झाला. उन्हाळ्यातले सांडगे, पापड, खारवड्या म्हणजे पुढच्या पावसाळ्याची भाजीच.

मात्र ही सोय आपोआप झालेली नव्हती, तिची किंमत होती बाईची पहाट. पिठाच्या गिरण्या गावोगाव येण्याआधी भाकरी करण्यापूर्वी दळण व्हायचं. त्या दळणावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. वडवणीच्या शेजारच्या माजलगावातही १९९६ साली त्यांच्या चमूने ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. माझ्या मते हा मराठी स्वयंपाकघराचा सर्वांत मोठा दस्तऐवज आहे. एवढ्या ओव्या रचायला किती पहाटा लागल्या असतील, याचा हिशेब आपण करत नाही. गावात गिरणी आली आणि बाईचे रोजचे काही तास सुटले. ग्रामीण महाराष्ट्रात यंत्राने बाईच्या दिवसात घडवलेला हा मोठा बदल. पण सुटलेले तास विश्रांतीला मिळाले, असं मात्र झालं नाही.

मग १९७२चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, ज्वारी घरात आली नाही. शेकडो वर्षांची ती तयारीची विद्या धान्यच नसल्यावर काय करणार? खडी फोडायला, पाझर तलावाची माती टाकायला बायका-पुरुष मुलाबाळांसह कामावर गेले. त्या काळातल्या माणसांशी बोलताना दोन शब्द हमखास ऐकू येतात, मिलो आणि सुकडी. मिलो ही अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी नीट होत नसे, घशाखाली उतरत नसे. सुकडी म्हणजे कामावर वाटला जाणारा गोडसर, कोरडा पौष्टिक खाऊ. माझ्याशी बोलताना एक आजी म्हणाल्या, “आम्ही अर्धी खायचो, अर्धी पदरात बांधून लेकरांना न्यायचो.” दुपारचं जेवण ही घरापुरती बाब नाही, राज्यकर्त्यांनाही त्याची काळजी करावी लागते, हे सुकडीनं दाखवलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला. कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी, हे या योजनेनं मान्य केलं. २००५च्या केंद्रीय कायद्यानं तर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं कामावर असतील, तर त्यांना सांभाळणाऱ्या बाईला मजुरी द्यावी, अशी तरतूद केली. मुलाकडे बघणं हेही काम आहे, असं कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं, ही लहान गोष्ट नव्हे.

पण वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर या भागातली असंख्य कुटुंबं हिवाळ्यात ज्या कामावर असतात, तिथे ही तरतूद कधी पोचली नाही. ते काम ऊसतोडीचं. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली. उसाला पाणी त्या भागात होतं, तोडायला हात दुष्काळी भागातून आले. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, घराला कुलूप लावायचं किंवा म्हाताऱ्यांना मागे ठेवायचं आणि पाच-सहा महिने फडावर जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर. हिशेबात बाई ‘अर्धा कोयता’.

टनावर मजुरी असली की दुपारच्या जेवणाचा अर्थच बदलतो. जेवायला लागलेला वेळ म्हणजे कमी झालेला ऊस. म्हणून कोपीवर बाई तीन-चारला उठते. उसाचं पाचट किंवा मिळेल ते सरपण लावून भाकरी थापते. सकाळ-दुपारचं एकदमच भाजून फडक्यात बांधते आणि उजाडण्याआधी फडात पोचते. दुपारी उसाच्या सावलीला बसून गार भाकरी आणि ठेचा. तान्हं मूल जवळच साडीच्या झोळीत. थोडं मोठं मूल त्याला झोका देत असतं. आणि घरात दहा-अकरा वर्षांची मुलगी असेल, तर मागे कोपीवर तीच भाकरी थापायला शिकते. आईची पहाट थोडी हलकी होते आणि मुलीची शाळा सुटते. या स्वयंपाकाची खरी किंमत कुठे मोजली जाते, ते इथे दिसतं.

याच महाराष्ट्रात दुसरं उदाहरण आहे. मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा एकट्या कामगारांसाठी खानावळी निघाल्या. त्या चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकारापासून सोडवलं. कचेरीतल्या माणसाचा डबा पोचवायला डबेवाले १८९०पासून आहेत. म्हणजे कामगाराचं जेवण हा धंदा होऊ शकतो, त्याला संस्थेचा आधार मिळू शकतो, हे शहरानं सिद्ध केलं. साखरेनं मात्र कारखाने, बँका, शिक्षणसंस्था उभ्या केल्या, पण फडावर एक चूल सामायिक पेटवायची व्यवस्था केली नाही.

शाळेतल्या जेवणाचंही असंच झालं. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची शालेय पोषण योजना सुरू झाली. आधी विद्यार्थ्याला महिन्याला तीन किलो धान्य मिळे. २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश दिला. खिचडी आली आणि लक्षावधी आयांची एक काळजी मिटली. पण ती खिचडी वडवणीच्या शाळेत शिजते आणि मूल असतं दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर. हा पेच ओळखून १९९०च्या दशकात ‘जनार्थ’ या संस्थेनं कारखान्यांजवळ साखरशाळा काढल्या. पुढे मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. गावातच दोन वेळचं जेवण आणि शाळा, ही कल्पना साधी आणि योग्य आहे. जिथे ती वेळेवर सुरू होते, तिथे मूल टिकतं. दिवाळी उलटून गेल्यावर सुरू झाली, तर मूल आईबरोबर निघून गेलेलं असतं.

इतिहासात आपण लढाया आणि करार मोजतो. थोडं थांबून भाकरीही मोजायला हवी. येसर, दशमी, धपाटे ही आपल्या बायकांच्या बुद्धीची कमाई आहे, ती जपली पाहिजे, घरातल्या मुलांनाच नव्हे तर मुलग्यांनाही शिकवली पाहिजे. पण बाई हुशार आहे, तिनं पहाटे उठून भागवलं, असं म्हणून समाजाला आपली जबाबदारी टाळता येणार नाही. चहात साखर घालताना एवढं आठवलं तरी पुरे, की त्या साखरेसाठी कुणाच्या तरी लेकरानं दुपारी गार भाकरी खाल्ली आहे. ती निदान गरम मिळावी, शाळेच्या ओसरीवर बसून मिळावी. हे अवघड नाही. सुकडीच्या काळात, याहून कितीतरी गरीब असताना, आपण ते काही अंशी करून दाखवलेलं आहे.