छोट्या द्वीपराष्ट्रांची आघाडी

हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत एकत्रित भूमिका मांडणारा 39 बेटराष्ट्रांचा व सखल किनारी देशांचा गट. नोव्हेंबर 1989 मध्ये मालदीवमधील माले येथे समुद्रपातळीवाढीवर लहान राष्ट्रांची परिषद भरली. पाठोपाठ 1990 मध्ये जिनीव्हातील दुसऱ्या जागतिक हवामान परिषदेच्या वेळी आघाडी स्थापन झाली. पहिले अध्यक्षपद व्हानुआतूकडे होते. गियाना, सुरिनाम, बेलीझ हे बेटे नसलेले देशही सदस्य आहेत.

कंकणद्वीपांवर (पहा : प्रवाळद्वीपे) पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराच्या थरात तरंगते. समुद्रपातळी वाढून उधाणाच्या लाटा आत शिरल्या, की हा थर खारावतो. तुवालूत याच थरापर्यंत खड्डे खणून ‘पुलाका’ हे अळूच्या कुळातील कंदपीक घेतात. खारे पाणी मुरले की पीक हाती लागत नाही. बेट बुडण्याच्या कितीतरी आधी तेथील पिण्याचे पाणी आणि अन्न धोक्यात येते, हे आघाडीच्या मागण्यांचे मूळ होय.

1994 मध्ये त्रिनिदाद व टोबॅगोने आघाडीच्या वतीने मांडलेल्या कराराच्या मसुद्यात विकसित देशांनी 2005 पर्यंत कार्बन डायऑक्साइड 1990 च्या तुलनेत 20 टक्के घटवावा, अशी मागणी होती. क्योतो करारात (पहा) त्याहून बरीच कमी कपात मान्य झाली. तापमानवाढ 1.5 अंश सेल्सिअसपर्यंत रोखण्याच्या प्रयत्नांचा पॅरिस करारातील (पहा) उल्लेख मुख्यतः या गटाच्या आग्रहाचे फळ आहे. समुद्रपातळीवाढीने होणाऱ्या नुकसानीच्या भरपाईसाठी व्हानुआतूने 1991 मध्ये श्रीमंत देशांच्या सक्तीच्या वर्गणीतून विमानिधी सुचवला होता. हवामानबदलाने होणाऱ्या अशा नुकसानीसाठीच्या हानी-नुकसान निधीचा निर्णय मात्र 2022 मध्ये शर्म अल-शेख येथील हवामान परिषदेत झाला. त्यातील वर्गणी ऐच्छिक आहे.