सोने महागले की रुपया स्वस्त झाला?

एप्रिल २०२५ मध्ये १० ग्रॅम सोन्याचा भाव १ लाख रुपयांच्या पुढे गेला. वर्ष सरता सरता चांदीने किलोला २ लाखांची पातळी ओलांडली. तेव्हापासून टीव्हीवरचे तज्ज्ञ दोनच गोष्टी सांगत आहेत. एक, सोने घ्या. दोन, जागतिक मंदी येऊ घातली आहे. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये किंवा चाकणच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाने या दोन्हींचे काय करायचे, ते मात्र कोणी सांगत नाही. सोने घ्यायला त्याच्याकडे शिल्लक नाही आणि मंदी टाळायला त्याच्या हातात काही नाही. त्याचा प्रश्न तिसराच आहे: महिनाअखेरीला हातात पडणाऱ्या रुपयाला नक्की काय झाले आहे? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने अर्थशास्त्राच्या भाषेत सोडवायला घेतला होता. त्याचा फोटो आपल्या घराघरांत आहे, त्याचे ते पुस्तक मात्र नाही.

ते पुस्तक म्हणजे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी.साठी बाबासाहेबांनी लिहिलेला हा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाला. दर १४ एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅपवर 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली' असा मजकूर फिरतो. हकीकत अशी की, चलनाच्या प्रश्नासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी डिसेंबर १९२५ मध्ये साक्ष दिली, त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. श्रेयाच्या घोषणेत आपण इतके रमतो की त्यांनी नेमके काय सांगितले ते वाचायचे राहूनच जाते.

त्यांचे सांगणे माझ्या शब्दांत असे. रुपयाला किती सोने मिळते किंवा किती पेन्स मिळतात हा दुय्यम मुद्दा आहे. त्या रुपयात बाजारातला माल किती येतो, हा खरा मुद्दा. रुपयाची खरेदीशक्ती घसरली की भाव चढतात. भावांबरोबर व्यापाऱ्याचे आणि कारखानदाराचे उत्पन्न लगेच चढते, मजुरी मात्र मागून रखडत येते. या दोन चढणींमधले जे अंतर, तोच मालकाचा नफा आणि तीच मजुराची खोट. चलन घसरल्याने 'देशाचा' फायदा होतो असे जे म्हणतात, ते एका वर्गाचा फायदा दुसऱ्या वर्गाच्या खिशातून काढून त्याला देशाचे नाव देतात.

हे त्यांनी हवेत मांडले नव्हते. १८७३ नंतर जर्मनीसह युरोपातले देश चांदी सोडून सोन्याच्या चलनाकडे वळले आणि जगात चांदीचा भाव कोसळू लागला. आपला रुपया चांदीचा. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास २ शिलिंगांचा असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. मुंबईच्या गिरण्यांचे सूत त्या काळात चीनच्या बाजारात जोरात खपले. गिरणमालकांना ही भरभराट वाटली. बाबासाहेबांनी विचारले, ही बरकत आली कुठून? ती आली वस्तूंच्या भावामागे रखडणाऱ्या मजुरीतून. त्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून गेलेली आपली माणसेही होती, आणि विणकामखात्यात तर त्यांना विटाळाच्या नावाखाली शिरकावच नव्हता. म्हणजे कमी मजुरीच्या खात्यात राहायचे आणि वर घसरत्या रुपयाचा भुर्दंडही सोसायचा.

सरकारने १८९३ च्या जूनमध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. या एका निर्णयाचा अर्थ आज चटकन कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तोपर्यंत कोणीही आपली चांदी टांकसाळीत नेऊन, घडणावळ भरून, रुपये पाडून घेऊ शकत होता. म्हणजे शेतकऱ्याच्या बायकोच्या हातातले गोठ आणि पायातले वाळे हे दागिने होते आणि अडीनडीचे नाणेही होते. टांकसाळीचे दार बंद झाल्यावर नाण्यातल्या चांदीची किंमत सरकारने वर धरून ठेवली, १ शिलिंग ४ पेन्सांवर. अंगावरच्या चांदीची किंमत मात्र बाजाराबरोबर खाली जात राहिली. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्यामागे १८९९-१९०० चा. दागिने मोडायला नेलेल्या माणसाला कळले की चांदी तीच आहे, वजन तेच आहे, रुपये मात्र कमी मिळत आहेत. पोस्टाचे खाते नसलेल्या गरिबाची सगळी बचत अंगावर होती, आणि कायद्याच्या एका कलमाने तिला कात्री लागली.

त्याच १८९३ मध्ये सरकारने आणखी एक गोष्ट केली. रुपयात पगार घेऊन विलायतेला पैसे पाठवणाऱ्या युरोपियन अधिकाऱ्यांचे विनिमय दरामुळे नुकसान होते म्हणून त्यांना भरपाईचा भत्ता सुरू केला. रुपया घसरला तर साहेबाला भत्ता आणि शेतमजुराला काही नाही.

टांकसाळी बंद करणे ही चूक होती, असे बाबासाहेबांचे म्हणणे नव्हते, हेही सांगायला हवे. त्यांचा रोख होता पुढच्या व्यवस्थेवर, जिच्यात नाणी किती पाडायची याला पक्की मर्यादाच उरली नाही. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये तिची तरफदारी केली होती. विद्यार्थीदशेतल्या एका महार तरुणाने तिच्यावर उलट बाजूने हल्ला चढवला: राज्यकर्त्याच्या मर्जीवर चालणारे चलन मर्जीनेच पातळ होते.

आता धातूची दुसरी बाजू, जी अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. भारतात धातूलाही जात आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला ५२ वा श्लोक चांडाळांसाठी मेलेल्यांची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने ठरवून देतो. हे जुने झाले म्हणणाऱ्यांनी 'जातिनिर्मूलन' उघडावे. होळकरांच्या इंदूर भागातल्या गावांनी बलाई समाजाला जे नियम घातले, त्यांची १९२८ च्या जानेवारीतली बातमी त्यात दिली आहे. बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, हा त्यातला एक नियम. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. गळ्यात ढीगभर गळसऱ्या आणि हातभर कथलाचे-चांदीचे गोठ ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आपल्या घरांत सोने आले ते या वाटेने. म्हणून दलित बाईच्या गळ्यातल्या चार मण्यांकडे पाहून 'भारतीयांना सोन्याचा फार सोस' असे म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. ज्यांना सोने घालायला कधी बंदी नव्हती, त्यांनी हे बोलू नये.

१९२९ ची महामंदी याच पार्श्वभूमीवर आली. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले, शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र रोखीत आणि जुन्याच आकड्याने. १९२७ च्या कायद्याने सोन्याचा भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै ठरला होता. २१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने सुवर्णचलन सोडले, रुपया पौंडाला बांधलेलाच राहिला आणि रुपयातला सोन्याचा भाव झपाट्याने चढला. खेड्यापाड्यांतून सोने बाहेर पडू लागले आणि मुंबई बंदरातून विलायतेला गेले, पुढच्या काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचे. सरकार म्हणाले, लोक चांगल्या भावाचा लाभ घेत आहेत. लोक सारा भरत होते. या सोन्याला तेव्हा इंग्रजीत 'विपत्तीचे सोने' अशा अर्थाचा शब्द रूढ झाला, तो बरोबर होता.

आपल्या राष्ट्रीय इतिहासात ही लूट म्हणून नोंदली आहे, आणि ती लूट होतीच. पण त्यात एक गोष्ट सुटते. विकायला सोने होते ते जमीनवाल्यांकडे. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्याकडे मंदीत विकायला फक्त हात होते, आणि हातांना गिऱ्हाईक नव्हते. म्हणून मंदीतून निघालेले आंबेडकरी राजकारण सोन्याच्या निर्यातीभोवती फिरले नाही. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. सप्टेंबर १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक विधिमंडळात आले, १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत धडकला आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध कामगारांनी एक दिवसाचा संप केला. जमीन, मजुरी आणि संपाचा हक्क.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, पुढे मोटारींचे मोठे कारखाने आले, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्याची, सोलापूरकडची माणसे इथे उतरली. त्या पिढीतल्या ज्यांना कायम नोकरी मिळाली, त्यांच्या घरी महागाईभत्ता आला, आणि भत्त्यातून सोने आले. चाकण वाढले ते कंत्राटाच्या काळात. तिथल्या त्याच लाइनवर काम करणाऱ्या पोराच्या पगारपत्रकात हा भत्ता असला तरी किमान वेतनाच्या विशेष भत्त्यापुरता, सहा महिन्यांनी काही रुपयांनी हलणारा. तोही ठेकेदार देतो की नाही, ते वेगळेच.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षाच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घसरली. पिंपरी-चाकणमध्ये 'ब्लॉक क्लोजर' हा शब्द घराघरांत पोहोचला. मोठ्या कारखान्यातल्या कायम कामगाराला सक्तीची सुट्टी मिळाली, कंत्राटी कामगाराला 'कामावर येऊ नको' असा फोन आला. त्याच महिन्यात सोन्याने १० ग्रॅमला ३८ हजारांचा तेव्हाचा उच्चांक केला. या दोन घटनांचे कारण एक नव्हते. सोने चढले ते अमेरिका-चीन व्यापारयुद्धाने आणि उतरत्या व्याजदरांनी. गाड्या अडल्या त्या वित्तकंपन्यांचे कर्ज आटल्याने आणि नव्या प्रदूषण-नियमांच्या धास्तीने. पण घर एकच होते. वर्षभराने तेच पुन्हा घडले: एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न जवळपास २४ टक्क्यांनी आकसले आणि ऑगस्टमध्ये सोने ५६ हजारांवर गेले.

मग सोने चढले म्हणजे मंदी येणारच का? तसे नाही. सोने हे पैसेवाल्यांच्या भीतीचे मोजमाप आहे, पंचांग नव्हे. सध्या भ्यालेल्यांत सरकारेही आहेत. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे जगातल्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी १ हजार टनांहून अधिक सोने घेतले. आपल्याकडे त्यात रुपयाची घसरण मिसळली, डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला. म्हणजे जगात सोने जेवढे महागले, त्यापेक्षा इथे जास्त. कारखान्यांत मात्र चित्र मिश्र आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि शोरूम पुन्हा भरली. दुसरीकडे अमेरिकेने सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावले, त्याचा ताण सुटे भाग बनवणाऱ्यांवर आहे. आणि रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा, हे वाक्य पुन्हा ऐकू येत आहे. १९२३ चे उत्तर त्याला अजून लागू पडते: फायद्यातला वाटा पगारात कधी येणार, तारीख सांगा.

वस्तीतल्या बचत गटांच्या बैठकांत हल्ली सोन्याचा विषय निघतो तो खरेदीचा नसतो, तारणाचा असतो. चढत्या भावाचा बाईला एकच लाभ आहे, त्याच मंगळसूत्रावर आता जास्त कर्ज मिळते. ते कर्ज शाळेच्या फीला जाते, दवाखान्याला जाते, ब्रेक मिळालेल्या नवऱ्याच्या दोन महिन्यांच्या भाड्याला जाते. भाव उतरला तर तारण अपुरे पडेल, हप्ता चुकला तर लिलाव होईल. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची अखेरची तारीख दिलेल्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या अशा कर्जात तारणाच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, आणि सोन्याबरोबर चांदीचे दागिनेही तारण ठेवता येतात. १८९३ मध्ये गरिबाच्या चांदीला टांकसाळीचे दार बंद झाले होते. आता तिच्यासाठी उघडलेले दार कर्जाच्या काउंटरचे आहे.