डिझेल-इंजिनातील हवा : साधनाकडून अडथळ्याकडे

इंधनव्यवस्थेची दुरुस्ती झाल्यावर डिझेलची मालमोटार सुरूच होत नाही, हा अनुभव कार्यशाळांना जुना आहे. गाळणी बदललेली असते, नळ्या जोडलेल्या असतात, टाकीत तेलही असते. तरीही इंजिन नुसते फिरते, पेट घेत नाही. अशा वेळी पहिला संशय नव्या भागांवर न घेता नळ्यांत शिरलेल्या हवेवर घ्यावा लागतो. ही हवा इतकी बाधक का ठरते, ह्याचे उत्तर यंत्रशास्त्राइतकेच इतिहासातही आहे. कारण आरंभीच्या डिझेल-इंजिनात हवाच इंधनाची वाहक होती.

रूडॉल्फ डिझेल ह्यांच्या इंजिनाची अधिकृत चाचणी १७ फेब्रुवारी १८९७ रोजी आउग्सबुर्ग येथे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर ह्यांनी घेतली. तीत कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली. संपीडनाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटे. परंतु ते सिलिंडरात फवारण्यासाठी संपीडित हवेचा झोत लागे, व त्याकरिता वेगळा संपीडक बाळगावा लागे. कारखान्यात किंवा जहाजावर हे ओझे खपे. रस्त्यावरील वाहनाला ते पेलणारे नव्हते. १९०९ मध्ये प्रॉस्पर लोरांज ह्यांनी पूर्वकक्षाचे एकस्व मिळविले आणि संपीडकावाचून अंतःक्षेपण करण्याची दिशा दिसली. १९२३ मध्ये बेन्झची व १९२४ मध्ये मानची डिझेल-मालमोटार पुढे आली. १९२२ मध्ये अंतःक्षेपण-पंप बनविण्याचे काम हाती घेतलेल्या रॉबर्ट बॉश ह्यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये त्याचे नियमित उत्पादन सुरू केले.

ह्या पंपाने हवेचे स्थान पालटले. त्यातील दट्ट्या अल्पसे अंतर सरकतो आणि तेवढ्यात नोझल उघडण्याइतका, म्हणजे शंभराहून अधिक वातावरणांचा, दाब निर्माण करतो. द्रव जवळजवळ दबत नाही म्हणूनच हे शक्य होते. नळीत बुडबुडा असला तर दट्ट्याची सारी धाव तो दाबण्यातच खर्ची पडते व नोझल उघडतच नाही.

दोष शोधण्याचा क्रमही ह्यावरूनच ठरतो. प्रथम हातपंप चालवून गाळणीवरील व नंतर अंतःक्षेपण-पंपावरील स्क्रू सैल करावा, व बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत तेल वाहू द्यावे. त्यानंतर नोझलकडील नळ्यांच्या चकत्या किंचित सैल करून इंजिन फिरवावे. तेथे तेल न आल्यास इंजिन बंद करण्याची दांडी मोकळी आहे की नाही, हे पंप उतरविण्यापूर्वी पाहावे. धुराड्यातून पांढरा धूर येत असेल तर इंधन पोचते आहे, पण पेटत नाही. मग संपीडन व पंपाचा वेळ तपासावा. काढलेली हवा पुन्हा पुन्हा शिरत असेल तर टाकी व भरणपंप ह्यांमधील सांधा पाहावा. तेथे चोषण असल्याने हवा आत येते, पण तेल बाहेर ठिबकत नाही. म्हणून कोरडा सांधा निर्दोषच असतो असे नाही. हा क्रम सोडून थेट पंप उघडणाऱ्याचा खर्च वाढतो, बॅटरी उतरते आणि मूळ दोष जागीच राहतो.

भारतात १९५१ मध्ये बंगलोर येथे मायको स्थापन झाली आणि १९५४ मध्ये जमशेदपूर येथे टेल्को व डाइम्लर-बेन्झ ह्यांच्या सहकार्याने मालमोटारी बनू लागल्या. ह्या व्यवसायाच्या बोलीत चाकात ‘हवा’ भरतात, पण इंधनाच्या नळीतून ‘एअर’ काढतात. एकाच पदार्थाला दिलेली ही दोन नावे निष्कारण नाहीत : एक हवी असलेली, दुसरी नको असलेली.

१९९७ मध्ये मोटारींत आलेल्या कॉमन रेल पद्धतीत दाब हजार वातावरणांपलीकडे गेला. तेथे इंजिन फिरत असताना उच्चदाबाची नळी सैल करणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून दोषाचे मूळ तेच असले, तरी उपाय यंत्राची पिढी ओळखूनच करावा लागतो.