दलदलीतलं गुलाबी झुडूप आणि नोकरी गमावलेला मास्तर

आज जाऊया ऑस्ट्रेलियात. सिडनीच्या आसपास किंवा टास्मानियात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, दलदलीच्या झुडपी माळरानावर.

तिथे एक काटक झुडूप गुलाबी फुलांनी भरलेलं असतं. नाव स्प्रेंगेलिया इनकार्नाटा. शेजारीच एपॅक्रिस नावाची भावंडं उभी असतात, त्यामुळे गोंधळ होतो. ओळखायचं कसं? आधी पान बघा. टोकदार असतं, आणि त्याचा बुंधा काडीला गच्च वेढून बसतो, म्यानासारखा. मग फूल. एपॅक्रिसचं फूल नळीसारखं, तर हिचं पार तळापर्यंत उघडलेलं, पाच टोकांची चांदणी! आणि भिंग असेल तर आत डोकवा. पाचही परागकोश एकमेकांना चिकटून मधल्या दांडीभोवती कडं करतात.

आता मला खरी भुरळ घातली ती या नावाने. हा स्प्रेंगेल कोण?

ख्रिश्चन कोनराड स्प्रेंगेल. बर्लिनजवळच्या स्पांडाऊमध्ये शाळेचा मुख्याध्यापक. फुलांचे रंग, ठिपके, मध हे सगळं कीटकांना बोलावण्यासाठी असतं, असं त्याने १७९३ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. शाळेकडे दुर्लक्ष होतंय अशा तक्रारी होत्याच. १७९४ मध्ये त्याला पदावरून दूर केलं गेलं.

आणि त्याच १७९४ साली इंग्लंडच्या जेम्स एडवर्ड स्मिथने या झुडपाच्या प्रजातीला त्याचं नाव दिलं. घरच्यांनी बाहेर काढलं, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला चिखलात त्याच्या नावाची पाटी लागली!

स्प्रेंगेल १८१६ मध्ये गेला. त्याची कदर झाली ती फार उशिरा. १८४१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने चार्ल्स डार्विनला सांगितलं, हे पुस्तक वाचच. डार्विनने वाचलं आणि तो थक्क झाला. पुढे फुलं आणि कीटकांवर त्याने जे काम केलं, त्यात स्प्रेंगेलचं श्रेय मोकळेपणाने मान्य केलं. आणि हा ब्राउन कोण? १८०१ ते १८०५ या काळात ऑस्ट्रेलियात फिरून हजारो वनस्पती गोळा करणारा माणूस.

म्हणून मला वाटतं, झाडाचं शास्त्रीय नाव कळलं की तिथेच थांबू नये. ॲपवर फोटो टाकला की नाव मिळतं. पण फूल उघडून आत बघायची सवय? ती या मास्तरने लावली, आणि तीच त्याला महागात पडली.

पुढच्या वेळी नाव मिळालं की एक प्रश्न जरूर विचारा: हे कोणाचं?