धनुष्कोडीचे स्टेशन

श्रोतेहो, काशी-रामेश्वराची यात्रा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूची वाळू काशीला न्यायची, ही जुनी चाल. जेथे हे सेतुस्नान होते, त्या धनुष्कोडीला एके काळी रेल्वेचे स्टेशन होते. आता तेथे पडक्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत.

पांबनच्या खाडीवरचा पूल १९१४ साली खुला झाला आणि मद्रासची बोट मेल थेट धनुष्कोडीपर्यंत जाऊ लागली. तेथे उतारू आगबोटीत बसत, बाविसेक मैलांचा समुद्र ओलांडून तलैमन्नारला उतरत, आणि सिलोनच्या गाडीने कोलंबो गाठीत. चहाच्या मळ्यांत राबायला गेलेले कितीतरी तमिळ मजूर याच वाटेने गेले. स्टेशनाभोवती गाव वसले. कस्टमची कचेरी, पोस्ट, शाळा, देऊळ, चर्च, सारे काही होते.

पण गाव होते कशावर? वाळूच्या अरुंद पट्टीवर! एका अंगाला बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला मन्नारचे आखात. १९६४ च्या २२ डिसेंबरला रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीजवळ आली असतानाच लाटांनी ओढून नेली. आत शंभरावर माणसे होती. एकही वाचले नाही. गावही गेले.

पांबनच्या पुलाचेही बरेचसे गर्डर वाहून गेले. ते पुन्हा बसवण्याचे काम ई. श्रीधरन या तरुण इंजिनियराकडे आले आणि ४६ दिवसांत पुरे झाले. पुढे आपली कोकण रेल्वे झाली ती यांच्याच देखरेखीखाली. रामेश्वर नांदते गाव, म्हणून पूल लगेच सांधला गेला. धनुष्कोडी मात्र सरकारने राहण्यास अयोग्य ठरवली, आणि तेथवरचे रूळ पुन्हा पडले नाहीत. आगबोट रामेश्वराहून सुटू लागली. पुढे श्रीलंकेतल्या यादवीच्या काळात तीही थांबली. कोळ्यांच्या काही झोपड्या तेवढ्या तेथे टिकून राहिल्या.

शिक्षकबंधूंनो, नकाशात मुलांना सेतू दाखवाल, तेव्हा हे स्टेशनही दाखवा. समुद्राचा स्वभाव न ओळखता वस्ती केली, तर त्याची किंमत कोण मोजतो, हे त्या रात्रीच्या उतारूंवरून मुलांना कळेल. आपल्यालाही किनारा आहेच की!