'मेट्रॉइड' खेळमालिकेतील क्रमभंग : कर्ता आणि खेळाडू यांच्या संबंधांचा ऐतिहासिक अभ्यास (१९८६ ते २०२१)

प्रस्तावना :

कोणत्याही कलाकृतीचा इतिहास लिहिताना तिच्या कर्त्याइतकाच तिच्या आस्वादकाचाही विचार करावा लागतो. ग्रंथ, नाटक व चित्रपट यांच्या बाबतीत ही भूमिका आता सर्वमान्य झाली आहे. व्हिडिओ गेमकडे मात्र आजही केवळ करमणुकीचे साधन म्हणून पाहिले जाते आणि एकदा संपविलेला खेळ पुन्हा खेळणे हा कालापव्यय मानला जातो. वस्तुतः जुना खेळ पुन्हा खेळताना त्याच्या ठरीव क्रमाला बगल देणे आणि कमीत कमी वेळात तो पूर्ण करणे, या दोन गोष्टींतून एक स्वतंत्र परंपरा निर्माण झाली आहे. पहिलीस 'सीक्वेन्स ब्रेकिंग' अर्थात क्रमभंग, तर दुसरीस 'स्पीडरनिंग' असे म्हणतात. हा क्रमभंग म्हणजे लबाडी की कलाकृतीचे नवे वाचन, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'मेट्रॉइड' मालिकेच्या आधारे केला आहे.

उद्दिष्टे :

१) मालिकेतील क्रमभंगाची ऐतिहासिक वाटचाल पाहणे.
२) क्रमभंगाबाबत निर्मात्यांच्या बदलत्या भूमिकेचा शोध घेणे.
३) या परंपरेचे इतिहासलेखनाच्या दृष्टीने महत्त्व स्पष्ट करणे.

आमंत्रणाचा कालखंड :

१९८६ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या 'मेट्रॉइड'मध्ये खेळ किती वेळात संपविला यावर त्याचा शेवट अवलंबून होता. कमी वेळात खेळ संपविणाऱ्यालाच चिलखतामागील नायक ही सामस आरान नावाची स्त्री आहे हे कळत असे. याचा अर्थ वेगाला बक्षीस देण्याची कल्पना मुळात निर्मात्यांचीच होती.

१९९४ च्या 'सुपर मेट्रॉइड'ने ही कल्पना पुढे नेली. तीन तासांच्या आत खेळ पूर्ण करणाऱ्यास सर्वोत्तम शेवट पाहावयास मिळे. झेबेस ग्रहाच्या भुयारांत नायिकेला एकेक साधन मिळत जाते आणि त्या साधनामुळे पुढचा मार्ग खुला होतो, अशी या खेळाची रचना आहे. परंतु भिंतीवर पाय रोवून पुन्हा उसळी घेण्याची युक्ती कोणत्याही साधनाविना साधते. ती शिकविण्याचे काम भुयारातील काही निरुपद्रवी प्राणी करतात. खेळाडूने त्यांचे निरीक्षण करून अनुकरण करावयाचे असते. या एका युक्तीने साधनांवर आधारलेली अनेक कुलुपे निरर्थक ठरतात.

पुढे खेळाडूंनी खेळात कोठेही न शिकविलेल्या युक्त्या शोधल्या. 'मॉकबॉल' हे त्याचे उत्तम उदाहरण होय. धावताना मिळविलेला वेग शरीराचा गोळा केल्यावरही कायम राखला, तर झपाट्याने बंद होणाऱ्या दारांखालून निसटता येते. परिणामी 'सुपर मिसाइल' हे अस्त्र लवकर हाती येते व 'स्पोर स्पॉन' या शत्रूशी लढण्याचा टप्पा वगळता येतो. क्रेड, फँटून, ड्रेगन आणि रिडली या चार प्रमुख शत्रूंचा क्रम पूर्णपणे उलटा करून खेळण्याची पद्धतही रूढ झाली.

याच सुमारास संगणकावरील खेळांत वेगनोंदीची परंपरा आकारास येत होती. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम'मध्ये खेळाची नोंद जतन करण्याची सोय होती. १९९७ मध्ये 'क्वेक डन क्विक' या नोंदीत 'क्वेक' हा संपूर्ण खेळ सर्वांत कठीण स्तरावर १९ मिनिटे ४९ सेकंदांत पूर्ण झाल्याचे दिसले. अशा नोंदींमुळे कौशल्याच्या दाव्याला तपासता येण्याजोगा पुरावा लाभला. ही बाब इतिहासाच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाची वाटेल.

प्रतिबंधाचा कालखंड :

टेक्सासमधील ऑस्टिन येथील रेट्रो स्टुडिओजने घडविलेला 'मेट्रॉइड प्राइम' नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टॅलन फोर ग्रहावर उतरताच, लक्ष्यावर नजर स्थिर करून बाजूला उडी घेताना मिळणाऱ्या जादा वेगाचा उपयोग करून, बऱ्याच पुढे मिळावयाचे दुहेरी उडीचे बूट प्रारंभीच मिळविता येतात, असे खेळाडूंच्या ध्यानात आले. 'सीक्वेन्स ब्रेकिंग' ही संज्ञा २००३ च्या आरंभी याच खेळाविषयीच्या चर्चेतून रूढ झाली.

निर्मात्यांनी मात्र ही सुधारण्याजोगी त्रुटी मानली. २००३ च्या युरोपीय आवृत्तीत व २००९ च्या 'ट्रिलॉजी' संग्रहात अशा अनेक वाटा बंद करण्यात आल्या. त्यामुळे एकाच नावाच्या खेळाचे भिन्न पाठ अस्तित्वात आले. हस्तलिखितांच्या अभ्यासात पाठभेदांना जे स्थान आहे, तेच येथे आवृत्तिभेदांना द्यावे लागते. खेळाडूने कोणता मार्ग घेतला हे समजण्यासाठी त्याच्या हाती कोणती आवृत्ती होती, हे आधी विचारावे लागते.

स्वीकाराचा कालखंड :

२००२ च्याच 'मेट्रॉइड फ्यूजन'मध्ये खेळाडूला आज्ञा देत ठराविक मार्गाने नेले जाते. तरीही असाधारण कौशल्याने एका ठिकाणी वेळेपूर्वी पोहोचणाऱ्यास एक गुप्त संवाद वाचावयास मिळतो. पहिल्या खेळाची नवी आवृत्ती असलेल्या 'झीरो मिशन' (२००४) मध्ये जाणत्या खेळाडूंसाठी छुप्या वाटा योजलेल्या आहेत. अवघ्या १५ टक्क्यांच्या आत साधने घेऊन खेळ संपविणाऱ्यास तेथे निराळे समारोपचित्र मिळते. २०२१ च्या 'मेट्रॉइड ड्रेड'मध्ये बॉम्ब वेळेपूर्वी मिळविल्यास क्रेडचा झटपट पाडाव करता येतो आणि त्यासाठी खास दृश्यही रचलेले आहे. क्रमभंगालाच रचनेत मानाचे स्थान मिळाल्याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

निष्कर्ष :

१) क्रमभंग ही कृतीविरुद्धची लबाडी नसून तिच्या नियमांचे अत्यंत बारकाईने केलेले वाचन आहे. नियम मोडणाऱ्यापेक्षा ते पूर्णपणे जाणणाऱ्यालाच तो साधतो.

२) निर्माता व खेळाडू यांचा संबंध आमंत्रण, प्रतिबंध व स्वीकार अशा टप्प्यांतून गेला. तथापि 'फ्यूजन' व 'प्राइम' एकाच वर्षीचे असल्याने हे टप्पे काटेकोरपणे विभक्त मानता येत नाहीत.

३) सुधारित आवृत्तीच तेवढी जतन केली, तर खेळाडूंच्या श्रमांचा पुरावा नष्ट होतो. म्हणून मूळ आवृत्त्यांचे जतन ही अभ्यासाची पूर्वअट आहे.

४) या परंपरेत वेग हेच एकमेव मूल्य नाही. 'सुपर मेट्रॉइड'च्या अखेरीस ग्रह नष्ट होत असताना, भिंतीवरील उसळी शिकविणाऱ्या त्याच प्राण्यांना वाचविता येते. मात्र त्यात काही सेकंद खर्ची पडतात. २०१० पासून चालू असलेल्या 'गेम्स डन क्विक' या निधिसंकलनाच्या उपक्रमात, प्राणी वाचवावेत की सेकंद, यावर देणगीदार आपापल्या देणग्यांद्वारे कौल देत आले आहेत. ज्यांनी वाट शिकविली त्यांचे ऋण फेडावे की विक्रम साधावा, हा प्रश्न चार सेकंदांचा असो वा चाळीस, तो नैतिकच आहे. जुन्या खेळाच्या पुनःपुन्हा खेळण्यातून असा प्रश्न जिवंत राहतो, यातच त्याचे सांस्कृतिक मोल आहे.