युरोपीय व विकसनशील देश वैद्यकीय चाचणी भागीदारी

युरोपीय व विकसनशील देश वैद्यकीय चाचणी भागीदारी (संक्षेप: ईडीसीटीपी) ही युरोपीय देश आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकी देश यांनी मिळून चालविलेली संशोधन-साहाय्य योजना आहे. दारिद्र्याशी निगडित संसर्गजन्य रोगांवरील औषधे, लसी व निदानपद्धती यांच्या मानवी चाचण्यांना ती अर्थसाहाय्य देते.

पार्श्वभूमी

मलेरियामुळे जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक मृत्यू आफ्रिकेत होतात. एड्स व क्षयरोग यांचाही मोठा भार या खंडावर आहे. तथापि रुग्णांची क्रयशक्ती अल्प असल्याने औषध कंपन्यांना या रोगांवरील संशोधन फारसे लाभदायक वाटत नाही. शिवाय उपचाराची परिणामकारकता रुग्णाचे वय, पोषण, जोडीचे आजार व रुग्णालयातील सोयी यांवरही अवलंबून असते; म्हणून अन्यत्र सिद्ध झालेल्या उपचाराची स्थानिक चाचणी आवश्यक ठरते.

इतिहास

ही भागीदारी २००३ मध्ये स्थापन झाली. आरंभी एड्स, क्षयरोग व मलेरिया या तीन रोगांवर भर होता. २०१४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोग आणि इबोलासारखे नव्याने उद्भवणारे रोग यांचा समावेश करण्यात आला. या टप्प्यासाठी युरोपीय संघाने ६८.३ कोटी युरोपर्यंत निधीची तरतूद केली. योजनेचे सचिवालय नेदरलँड्समधील हेग येथे, तर आफ्रिका कार्यालय केप टाऊन येथे होते. २०२१ मध्ये तिसऱ्या टप्प्यासाठी ब्रुसेल्स येथे स्वतंत्र संयुक्त उपक्रम स्थापन करण्यात आला.

उल्लेखनीय चाचण्या

* चापास: एचआयव्हीबाधित बालकांना पूर्वी प्रौढांच्या गोळ्यांचे तुकडे करून द्यावे लागत व मात्रेत चूक होण्याचा धोका असे. मुंबईच्या सिप्ला कंपनीने बालकांसाठी तयार केलेल्या तीन औषधांच्या संयुक्त गोळीचा अभ्यास झांबियातील लुसाका येथे झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये या गोळीला तात्पुरती मान्यता दिली.
* अँबिशन: क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस या बुरशीजन्य मेंदूज्वरावरील ही चाचणी बोत्स्वाना, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे या देशांत झाली. शिरेवाटे सात दिवस रोज औषध देण्याऐवजी लायपोसोमल अँफोटेरिसिनची एकच मोठी मात्रा व सोबत तोंडावाटे घ्यावयाची औषधे तितकीच परिणामकारक आणि कमी अपायकारक ठरली. निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर २०२२ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने आपली उपचारविषयक शिफारस बदलली.
* फेक्सिनिडाझोल: तीव्र स्वरूपाच्या निद्रारोगावर तोंडावाटे घ्यावयाच्या या औषधाची चाचणी मलावी व युगांडा येथे झाली. पूर्वी या रोगाच्या प्रगत अवस्थेत मेलार्सोप्रोल हे आर्सेनिकयुक्त व प्रसंगी प्राणघातक औषध द्यावे लागे.

क्षमतावर्धन

संशोधकांना शिष्यवृत्त्या, नैतिकता समित्यांचे बळकटीकरण आणि प्रादेशिक संशोधन-जाळी यांनाही योजनेने साहाय्य केले. दक्षिण आफ्रिकेतून चालविली जाणारी अखिल आफ्रिकी चाचणी नोंदवही तिच्याच मदतीने उभी राहिली. चाचणी आधीच नोंदविली गेल्यास प्रतिकूल निष्कर्ष दडविणे कठीण होते.

मर्यादा

निधीचा मोठा वाटा युरोपातून येत असल्याने संशोधनाचे अग्रक्रम कोणी ठरवावेत, हा प्रश्न अशा भागीदाऱ्यांबाबत वारंवार उपस्थित केला जातो. चाचणीतील यश आणि औषधाची उपलब्धता यांतही अंतर राहते. अँबिशन उपचारपद्धतीतील फ्लुसायटोसिन हे जुने औषध आफ्रिकेतील अनेक देशांत दीर्घकाळ मिळत नव्हते. त्यामुळे नोंदणी, किंमत व पुरवठा यांची व्यवस्था झाल्याखेरीज चाचणीचा लाभ सामान्य रुग्णापर्यंत पोहोचत नाही.